मोजायचे कोणी?

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ पासून जे घडले ते पाहून संताप येतो. आधी कुलगुरू अजित रानडे यांना अध्यापनाच्या अनुभवाची वर्षे कमी भरतात म्हणून काढले. उच्च न्यायालयाने त्यांना दिलासा देताच कुलपती बिबेक देबरॉय पायउतार झाले. काढण्याची कारवाई मागे घेतली गेली, तरी नोव्हेंबरात रानडे स्वतःच निघून गेले. एप्रिल २०२५ मध्ये संस्थेची पालक असलेल्या भारत सेवक समाजाने नवे कुलपती संजीव सन्याल यांना हटवल्याचे पत्र काढले आणि काही दिवसांतच ते परत घेतले. त्याच सुमारास संस्थेचे जवळपास दीड कोटी रुपये समाजाच्या जमिनीच्या कामासाठी वळवल्याच्या तक्रारीवरून समाजाच्या सचिवांना अटक झाली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. आमचा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. खुर्ची, जमीन आणि अधिकार यांवरून एवढा कल्लोळ झाला. पण ही संस्था ज्या कामासाठी जन्मली, ते काम आज महाराष्ट्रात करायचे कोणी, याची फिकीर कुणालाच दिसत नाही.

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली ही संस्था उभी राहिली आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिला कामाला लावले. नगर जिल्ह्यातले कालवे सरकारी हिशेबात पाणीपट्टीवरून तोलले जात. वसुली कमी म्हणजे कालवा तोट्यात, असा सरळ कारभार. गाडगीळांची माणसे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या गावांत गेली. पाणीपट्टीच्या पलीकडे कालव्याने काय दिले, ते त्यांनी घरोघर विचारले: पीक किती वाढले, मजुरी कुणाला मिळाली, व्यापार कुठे सरकला. तो अहवाल १९४८ साली निघाला. त्याच प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल गोळा करत होते आणि पुण्याचा हा अर्थशास्त्रज्ञ त्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. पुढे याच संस्थेच्या सोवनी आणि नीलकंठ रथ यांनी ओडिशातल्या हिराकुड धरणाच्या लाभांची अशीच झडती घेतली. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धरणाचा हिशेब सिमेंट ओतून झाल्यावर मिटत नाही, ही या माणसांची धारणा होती आणि ती पाळायला ते उन्हातान्हात फिरत होते.

बँकांचेही तेच. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी करवली. गोरवालांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावे. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि सावकारांचा मिळून ७० टक्क्यांच्या आसपास निघाला. सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांना हा आकडा झोंबणारा होता, पण तो दडपला गेला नाही. १९५४ साली तो छापला गेला आणि वर्षभरात इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९६९ साली गाडगीळांच्याच अभ्यासगटाने जिल्हा हे एकक धरून बँकिंग पसरवण्याची शिफारस केली आणि त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. आज प्रत्येक जिल्ह्यात जो वार्षिक पतआराखडा निघतो, त्याचे मूळ तिथे आहे. आधी गावात जाऊन विचारायचे, मग धोरण ठरवायचे, आणि धोरण राबवल्यावर पुन्हा जाऊन विचारायचे, हा क्रम होता.

तो क्रम आज उलटा झाला आहे. खरे तर त्यातली दोन टोके तोडून फक्त मधला भाग ठेवला आहे. जनधनची ५० कोटींहून अधिक खाती उघडली. उत्तम झाले. पण २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ग्रामीण कर्जाचा तिसरा हिस्सा बँका आणि सहकारी संस्थांच्या बाहेरचाच होता. खाते असलेली बाई सूक्ष्मकर्जाच्या हप्त्यासाठी दुसरे कर्ज का काढते, हे कोण विचारणार? राज्याच्या 'लाडकी बहीण' योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी होते. छाननी होते ती अपात्र कोण हे शोधण्यासाठी. महिना १,५०० रुपयांनी त्या घरातल्या मुलीची शाळा टिकली का, उसनवारी कमी झाली का, हे जाणून घेण्याची घाई सरकारला नाही. एवढ्या रकमेची योजना राबवून तिच्या परिणामाविषयी अंधारात राहणे हा करदात्यांवर आणि त्या बहिणींवरही अन्याय आहे.

दिल्लीतही चित्र तेच. २०१७-१८ ची उपभोग खर्चाची पाहणी पुरी होऊन पडली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने तिच्या दर्जाचे कारण देऊन ती रद्द केली. त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ पर्यंत देशातले लोक काय खातात, किती खर्चतात याचा अधिकृत आकडाच नव्हता. त्याच २०१९ च्या जानेवारीत रोजगाराचा अहवाल अडवल्यावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. कुटुंब आरोग्य पाहणी करणाऱ्या मुंबईच्या संस्थेच्या संचालकांना २०२३ मध्ये निलंबित केले गेले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, अगदी महायुद्ध चालू असतानाही, झालेली जनगणना २०२१ साली चुकली. रेशनचा कोटा अजून २०११ च्या लोकसंख्येवर ठरतो. त्यानंतर जन्मलेल्या, वेगळे घर थाटलेल्या कोट्यवधी गरिबांना धान्य नाकारले जाते ते या न झालेल्या मोजणीमुळे. आकडेवारी हा अर्थतज्ज्ञांचा छंद समजणाऱ्यांनी हे एकदा रेशनच्या रांगेत जाऊन पाहावे.

सरकारला गैरसोयीचे आकडे नको असतात, हे नवे नाही. म्हणूनच सरकारबाहेर, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या संस्था लागतात. गोखले संस्थेच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचे जे चित्र मांडले ते दिल्लीला सुखावणारे नव्हते. तरी पुण्यात बसून ते मांडता आले. १९८४ साली महाराष्ट्राच्या मागास भागांचा अनुशेष ३,१८६ कोटींचा ठरवला तोही दांडेकरांच्याच समितीने, आणि विदर्भ-मराठवाड्याला आपली मागणी रुपयांत मांडता आली ती त्यामुळे. अशी माणसे घडवणाऱ्या वास्तूत पोलिसांचे पाऊल पडावे, हे लांच्छन आहे.

भारत सेवक समाज आणि गोखले संस्था यांचे पैसे व जमिनी कायमच्या वेगळ्या कराव्यात आणि दोघांचे हिशेब दरवर्षी लोकांपुढे ठेवावेत. कुलगुरूंची निवड नामवंत अर्थशास्त्रज्ञांकडे सोपवावी, आणि एकदा नेमलेल्या माणसाला मुदतभर काम करू द्यावे. राज्य सरकारनेही हात झटकू नयेत. ३९२ गावांतून गेलेल्या, ५५ हजार कोटींच्या समृद्धी महामार्गाने त्या गावांचे काय झाले, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे कुठे गेले, शेतमाल मुंबईला स्वस्तात पोचू लागला की गावातले तरुणच वाट धरून निघाले, याची स्वतंत्र पाहणी याच संस्थेकडून करवून घ्यावी आणि निष्कर्ष काहीही आले तरी ते जसेच्या तसे छापावेत. २०२५ मध्ये ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग कोल्हापुरातल्या बागायती शिवारांवर आखला जात होता. समृद्धीची ती पाहणी हातात पडेपर्यंत तिथल्या एकाही शेतकऱ्याची जमीन मोजायला सरकारने माणसे पाठवू नयेत.