झाडू आमच्या हाती, माहिती त्यांच्या टेबलावर

मुंबई-पुण्यातील कोणत्याही मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जाऊन पाहा. पहाटे फरशी पुसणारा, शस्त्रक्रियेनंतरचे रक्ताने माखलेले कपडे उचलणारा, शवागारात प्रेत हलवणारा कामगार कोण असतो? आडनाव विचारण्याची गरज पडत नाही. प्रवेशाच्या टेबलावर आणि बिलाच्या खिडकीत कोण बसलेला असतो, तेही विचारावे लागत नाही. दोघेही एकाच इमारतीत वर्षानुवर्षे राबतात. पण या इमारतीत गरिबांसाठी किती खाटा राखून ठेवल्या आहेत आणि आज त्यातील किती रिकाम्या आहेत, हे पहिल्याला माहीत नसते आणि दुसरा ते सांगत नाही.

होय, राखून ठेवलेल्या खाटा! सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधील कलम ४१ कक आणि त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना यांनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्णपणे मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात दिल्या पाहिजेत. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. ही काही शेटजींची मेहेरबानी नव्हे. धर्मादाय म्हणून करात सूट घ्यायची, अनेकांनी सरकारी जमीन नाममात्र दराने घ्यायची, त्याची ही परतफेड आहे. राज्यात अशी रुग्णालये चारशेच्या वर आहेत. तरीही आपला माणूस बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवूनच तेथून बाहेर पडतो. असे का?

कारण रुग्णालयातील माहिती फलकावरून फिरत नाही, ती नात्यागोत्यातून फिरते. ज्याचा भाचा बिल विभागात, ज्याची मेहुणी समाजसेवा विभागात, ज्याच्या घरी नगरसेवकाचे येणे-जाणे, त्याला योजनाही कळते आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कोणत्या टेबलावर द्यायचा हेही कळते. याला आपल्याकडे ‘ओळख’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या टेबलावर कोणाला बसवले, यातून ही ओळख तयार झाली आहे. आमची ओळख कोठे आहे? शवागारात आणि कचऱ्याच्या गाडीपाशी!

यावर कोणी म्हणेल, सफाई कामगार तर आतलाच आहे, त्याने विचारावे. कसे विचारावे? तो कायम असता, त्याच्या पाठीशी युनियन असती, तर त्याने विचारलेही असते. आज तो ठेकेदाराचा माणूस आहे. स्वतःची आई त्याच रुग्णालयात आणली तरी मोफत खाटेचा विषय काढण्याची त्याची हिंमत होत नाही, कारण उद्या मुकादम “येऊ नको” म्हणाला की संपले. ठेक्याने आमच्या माणसाचा पगार तर खाल्लाच, त्याची जीभही खाल्ली. ही दुसरी गोष्ट आपल्या पुढाऱ्यांच्या भाषणात फारशी येत नाही.

नोकरीची माहिती सर्वांना सारखी मिळावी, हा विचार या देशात नवा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात सरकारी सेवायोजन कार्यालयांची उभारणी सुरू झाली. पुढे १९५९ साली रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणे सक्तीचे करणारा कायदा आला. पण त्यातली मेख पाहा! शिपाई, फरास, पहारेकरी आणि सफाईवाला यांच्या जागा या सक्तीतून वगळल्या. म्हणजे ज्या जागांवर आमची माणसे घ्यायची त्या जाहीर करण्याची गरज नाही. मुकादमाने वस्तीतून माणसे उचलून आणावीत. ती तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाली आहे, मुकादम मात्र जेथल्या तेथे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य सरकारने खासगी एजन्सींमार्फत सरकारी कामासाठी मनुष्यबळ घेण्याचा निर्णयच काढला होता. ना बिंदुनामावली, ना आरक्षण. लोक रस्त्यावर उतरले, म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, पण रुग्णालयांतील ठेके गेलेले नाहीत.

आणि आमचा माणूस झाडूपासून वर चढला तरी काय होते? ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. औषधे आणि मनुष्यबळ यांच्या टंचाईची चर्चा झाली. त्याचे उत्तर मंत्रालयाने द्यायचे होते. पण सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. या प्रकरणी ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. अधिष्ठात्याची खुर्ची मिळवली तरी हातात शेवटी काय दिले जाते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

म्हणून केवळ खाटा मागून भागणार नाही. प्रवेशाचे टेबल, बिलाची खिडकी आणि समाजसेवकाची खुर्ची येथे वस्तीतली माणसे कायमस्वरूपी बसली पाहिजेत. सवलती घेणाऱ्या रुग्णालयांवर सरकारने तशी अट घालावी. रिकाम्या खाटांचा रोजचा आकडा दर्शनी दारात मोठ्या मराठी अक्षरांत लागला पाहिजे. खाटांची माहिती संगणकावर असते, असे उत्तर मिळेल. रात्री दोन वाजता रिक्षातून रुग्ण घेऊन आलेल्या माणसाने संगणक कोठे शोधायचा?

तोवर आपल्या हाती आहे ते तरी करावे. प्रत्येक बुद्धविहारात परिसरातील धर्मादाय रुग्णालयांची यादी लावावी. सोबत लागणारे कागद लिहावेत: पिवळे रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेचे कार्ड, नाही तर तहसीलदाराचा दाखला. गेल्या वर्षी निर्धन रुग्ण निधीत किती रक्कम जमा झाली आणि त्यातली किती रुग्णांवर खर्च झाली, हे तरुणांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.