चालान मोबाइलवर, मालक अंधारात

वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडचा कास्तकार मोटारसायकलने नागपूरला जातो. कुणाचा माणूस मेडिकलमध्ये भरती असतो, कुणाला मोटारपंपाचे सामान आणायचे असते. चौकात कोणी शिटी वाजवत नाही, गाडी अडवत नाही. पण खांबावरच्या कॅमेऱ्याने नंबर टिपलेला असतो. दंड गाडीच्या नावावर चढतो आणि मालकाला त्याचा पत्ता लागतो तो आरटीओत काम पडले की. तोवर एकाचे चार चालान झालेले असतात.

दंडच नको, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. हिंगणघाट-जामवरून जाणारा महामार्ग 44 असो की 11 डिसेंबर 2022 ला सुरू झालेला समृद्धी, आपल्या जिल्ह्यातून भरधाव वाहने धावतात. वेगाला लगाम हवाच. शिवाय कॅमेरा चिरीमिरी घेत नाही, कोण कुणाचा माणूस तेही पाहत नाही. ही त्याची जमेची बाजू.

घोडे पेंड खाते ते निरोप पोचण्यात. चालानचा मेसेज जातो तो गाडीच्या नोंदीतल्या मोबाइलवर. तो नंबर कधी शोरूमवाल्याचा, कधी बंद पडलेल्या सिमचा. दुसरी गोची जुन्या गाडीची. खेड्यात एमएच-32 ची जुनी गाडी कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन हातोहात विकली जाते. नाव मूळ मालकाचेच राहते. चालवतो एक, दंड दुसऱ्याला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे किती जण करतात?

दंडाची रक्कमही आता किरकोळ राहिलेली नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दर आपल्या राज्यात डिसेंबर 2021 पासून लागू झाले. लायसन्स नसेल तर 5,000 रुपये, विमा नसेल तर पहिल्या वेळी 2,000. रोजमजुरीवर घर चालवणाऱ्याने एवढे पैसे एकदम आणायचे कुठून?

कायद्याने जबाबदारी एकट्या वाहनचालकावर टाकलेली नाही. केंद्राने 11 ऑगस्ट 2021 ला काढलेल्या नियमांत कॅमेरा प्रमाणित असावा, त्याचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे, कॅमेऱ्याच्या आधी सूचनाफलक असावा, गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत मिळावी, असे स्पष्ट लिहिले होते. फलक दिसला तर माणूस वेग कमी करतो, अपघात टळतो. फलक नसेल तर फक्त वसुली होते. जुलै 2025 मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चालानविरोधात राज्यात बंद पुकारला, त्यामागे हाच राग होता. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलने फोटो काढू नयेत, असे आदेश त्याच सुमारास निघाले.

ट्रकवाल्यांची संघटना आहे, ते बंद करू शकतात. देवळी-सेलूचा शेतकरी कुणाकडे जाणार? चुकीचे चालान आले तर तक्रार ऑनलाइन करा म्हणतात. ज्याला मेसेज वाचायला शेजारचा पोरगा लागतो, तो फोटो जोडून तक्रार कशी करेल?

प्रशासनाने फार मोठे काही करायला नको. प्रत्येक तालुक्याच्या ठाण्यात आठवड्यातून एक दिवस चालान दाखवून फोटो समजावून सांगावा आणि तक्रार कागदावर घ्यावी. बाजाराचा दिवस धरला तर लोकांची एक खेपही वाचेल. रक्कम जड जात असेल तर तडजोडीसाठी लोकअदालतीचा रस्ता आहे. तिची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी.

कास्तकार भाऊंनीही आपले दार झाकून घ्यावे. आरसी बुकातला मोबाइल नंबर बदलून घ्या. गाडी विकली त्याच आठवड्यात नाव बदलीचे कागद आरटीओत द्या. नंबरप्लेट धड ठेवा. महिन्यातून एकदा सेवा केंद्रावर गाडीचा नंबर टाकून चालान पाहा. एवढे करूनही चुकीचा दंड आला, तर मुकाट्याने भरू नका, फोटो मागा. फोटोतली गाडी आपली नसेल, तर तो रुपयाही आपला नाही.