डावीकडची मंडळी

दर दिवाळीला या सदरातून आमच्या मोटारीची काही तरी तक्रार वाचकांच्या कानांवर घालायची, असा प्रघातच पडून गेला आहे. यंदा तक्रार मोटारीची नाही, माझीच आहे. आणि ती मी सौभाग्यवतीच्या देखत लिहितो आहे, त्यामुळे तपशिलात लबाडी करायला वाव नाही.

नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की आम्ही उभयता पुष्कळ वर्षे इंग्लंडात राहतो आणि आमच्या पदरी १९७२ सालची एक निळी एम. जी. बी. आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत या गाड्या झाल्या. इंजिन १७९८ सी. सी., माणसे दोन, आणि डिकी एवढीशी, की तीत एक तर कपड्यांची बॅग मावावी नाही तर चिवड्याचा डबा. (चिवडा मावतो. कपडे पायांशी घ्यावे लागतात.) असल्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या नादी लागलेल्यांची एक टोळी आहे. तीत ट्रायम्फवाले निवृत्त शाळामास्तर आहेत, जग्वारवाले दातांचे डॉक्टर आहेत, आणि मॉर्गनवाल्या एक आजीबाई आहेत, ज्या सत्तरी उलटल्यावरही टप उघडा टाकून पावसात हिंडतात. या टोळीने २०२३ च्या जुलैत आल्प्सचे घाट चढायचे ठरवले.

तयारी म्हणून मी काय केले? गाडीला तीन हात पॉलिश केले. क्रोमच्या पट्ट्या आरशासारख्या घासल्या. नवा टप शिवून घेतला. सौभाग्यवतीने गुढीपाडव्याच्या सुमारासच विचारले होते, "अहो, ब्रेक ऑइल बदललंत का?" ती गाडीसोबतचे पुस्तक वाचते, मी फक्त त्यातली चित्रे बघतो. मी म्हणालो, "परत आल्यावर बघू."

हे ब्रेक ऑइल म्हणजे पावसाळ्यातल्या मिठासारखे असते. हवेतली ओल हळूहळू ओढून घेते. आमच्या गाडीत घालतात त्या जातीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण पाणी प्यालेल्या तेलाची हमी फक्त १५५ अंशांची. तेल उकळले की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल गाडीच्या तळाला जाऊन टेकते. हे सगळे मला आज तोंडपाठ आहे. तेव्हाही माहीत होते, हीच तर लाजेची गोष्ट.

फोकस्टनला गाडी आगगाडीवर चढवली, की पस्तीस मिनिटांत समुद्राखालून फ्रान्स. तिथपासून रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे, आणि आमचे स्टिअरिंगही उजवीकडेच. म्हणजे गाडी हाकणारा रस्त्याच्या कडेला आणि बायको रस्त्याच्या मधोमध! पुढे एखादा मालाचा ट्रक आला, की मला त्याच्या मागच्या दारावरची अक्षरे तेवढी दिसायची. त्याच्या पलीकडून काय येते आहे, हे दिसायचे फक्त डावीकडे बसलेल्या मंडळीला. टोलनाक्याची खिडकी तिच्या बाजूला, पैसे तिच्या हातात, पावती तिच्या पर्समध्ये. ती म्हणणार "थांबा", की मी थांबायचे. "या", की निघायचे. तीस वर्षांच्या संसारात मी बायकोचे इतके कधी ऐकले नव्हते. रॅंसपर्यंत चार वेळा "या" म्हटल्यावरही मी शंका काढून थांबलो, आणि चारही वेळा मागच्या जग्वारने भोंगा वाजवला.

रॅंसजवळ ग्यू नावाचे गाव आहे. तिथल्या साध्या रस्त्यांवरून एके काळी फ्रान्सची ग्रां प्री धावायची. शेवटची १९६६ साली. प्रेक्षकांचे सज्जे अजून रस्त्याकाठी उभे आहेत. आमच्या सातही गाड्या तिथे ओळीने लावून फोटो काढले. शाळामास्तरांनी टोपी काढली. पाच मिनिटे कोणी बोलले नाही.

लोकांना वाटते, स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे वेग. स्वित्झर्लंडच्या फुर्का घाटात आम्हाला दोन सायकलवाल्यांनी मागे टाकले. २४२९ मीटर उंचीवर हवा विरळ, तेव्हा कार्बोरेटरला पेट्रोल जास्त आणि हवा कमी. इंजिन दम्याच्या पेशंटसारखे खोकत होते. वळणापलीकडून मधूनच तीन गोड स्वर ऐकू यायचे. ती टपालखात्याची पिवळी बस. रोसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेरातले ते स्वर आहेत, आणि ते कानी पडले की आपण मुकाट्याने कडेला व्हायचे. ऱ्होन हिमनदीपाशी थांबलो. शेजारचे 'बेल्वेदेर' हॉटेल २०१५ साली बंद पडले. शंभर वर्षांपूर्वी त्याच्या अंगणाला लागून असलेला बर्फ आता कितीतरी मागे सरला आहे, आणि उरलेल्यावर ऊन लागू नये म्हणून पांढरी कापडे पांघरली होती. सौभाग्यवती बराच वेळ त्या कापडांकडे बघत उभी होती. "आजारी माणसासारखं वाटतं हो," म्हणाली.

आणि मग स्टेल्व्हिओ. उंब्राइलच्या घाटाने वर चढून आम्ही माथ्यावर, २७५७ मीटरवर आलो. कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरने हा रस्ता १८२० ते १८२५ या पाच वर्षांत बांधला. आपला बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला १८३० साली, म्हणजे दोघे जवळजवळ एका वयाचे. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी मोटारवाले नाणे टाकतात. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे सांगतात. सौभाग्यवतीने पर्समधून एक युरो काढला, शिंग्रोबाचे नाव घेऊन दरीकडे भिरकावला, आणि आम्ही प्रातोच्या बाजूला उतरू लागलो. या बाजूला वळणे अठ्ठेचाळीस.

पाऊस सुरू झाला. टप चढवला, काचांवर वाफ धरली. ती आपली काच पदराने पुसत होती आणि वळणे मोजत होती. बाविसाव्या वळणानंतर मला पेडल मऊ लागले. तेविसाव्याला ते खालपर्यंत गेले. मी पुन्हा दाबले. काही नाही. गिअर खाली ओढला, इंजिनाने किंकाळी फोडली, हँडब्रेक खेचला. गाडी मंदावली, पण पुरती नाही. पुढचे वळण डावीकडे. रस्त्याची सबंध रुंदी मिळाली तरच ते निभणार होते, आणि वळणाखालचा रस्ता फक्त तिच्या काचेतून दिसत होता. मी तिला काही सांगितले नाही. सांगायला तोंडाला ओल नव्हती.

"खाली कोणी नाही," ती म्हणाली. "सबंध रस्ता घे!"

मी घेतला.

"आता डावीकडे खडी आहे. घाल! घाल म्हणते ना!"

डोंगराच्या कुशीतल्या त्या खडीत गाडी रुतून थांबली. इंजिन बंद पडले. टपावर पाऊस वाजत होता. तीस वर्षांच्या 'अहो'नंतर आपण अरे-तुरेवर आलो, हे तिला कळले होते की नाही, कोण जाणे. मला मात्र त्या घटकेला तेवढेच ऐकू आले होते.

मागून एकेक गाडी आली. कोणी एक प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांनी वरच्या वळणावर लाल त्रिकोण ठेवला. आजीबाईंनी थर्मासमधला चहा दिला. शाळामास्तरांच्या डिकीत ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा होता. तासाभराने चाके निवली, तेव्हा आम्ही जुने तेल उतरवून हवा काढायला बसलो. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने चाकाशी नट सैल करायचा, दुसऱ्याने पेडल दाबायचे. मी आणि मास्तर चिखलात, आणि सौभाग्यवती स्टिअरिंगवर. "दाबा." "सोडा." निघालेले तेल चहासारखे काळसर होते. मास्तरांनी ते बाटलीत उंच धरून बघितले, माझ्याकडे बघितले, आणि बूच लावले.

काम झाल्यावर मी दार उघडून उभा राहिलो. ती हलली नाही.

"तुम्ही तिकडून बसा," ती म्हणाली. "पेडल कसं लागतंय ते आत्ता माझ्या पायाला कळलंय."

उरलेली वळणे तिने उतरली. पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. डावीकडे बसून मी पहिल्यांदाच पाहिले, की दरी किती जवळ असते आणि समोरून येणारी प्रत्येक मोटारसायकल कशी थेट आपल्या मांडीवर येते. जिथे पेडल नाही, तिथे माझा पाय दर वळणाला दाबत होता. खालून एक बस चढताना दिसली.

"अहो," मी म्हणालो, "थांबा."

ती थांबली.