जुना दात कुठं टाकला?

"गुरुजी, दात नवा घेतला का?"

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच सकाळी चौथीतल्या एका कारट्याने भर वर्गात विचारलं. मी म्हटलं, हो. लगेच पुढचा प्रश्न, "मग जुना कुठं टाकला?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण खरं सांगतो मंडळी, एवढा नेमका प्रश्न मला नाशिकच्या त्या चकाचक दवाखान्यात कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. विचारला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आधी झालं काय ते सांगतो. गेल्या श्रावणात इथे पोशेऱ्याला शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि वरच्या पुढच्या एका दाताचा कोपरा उडाला. एका दाताचा! मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला गेलो तो एक दात दुरुस्त करायला, आणि दिवाळीच्या सुट्टीत परत आलो ते चार दातांना व्हेनीअर लावून. "एकच केला तर रंग जुळणार नाही, चारही करून टाकू, हसू कसं एकसारखं दिसेल." मला आरसा दाखवला, संगणकावर माझंच हसणारं तोंड दाखवलं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मी भुललो. त्यात पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं. 48 हजार रुपये मोजले. दोष माझा आहेच, तो मी नाकारत नाही. पण सगळा माझा नाही.

व्हेनीअर म्हणजे काय, तर दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला पोर्सेलेनचा पातळ पापुद्रा. तो बसावा म्हणून बहुतेक वेळा दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, साधारण अर्धा मिलिमीटर घासून काढतात. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण हाड मोडलं तर सांधतं, कातडी सोलली तर नवी येते, इनॅमल मात्र एकदा गेलं की गेलं. शरीराजवळ ते पुन्हा बनवायची सोयच नाही. म्हणजे माझे तीन धडधाकट दात आता जन्मभर पांघरुणाखालीच राहणार. हे पांघरूण नीट जपलं तर दहा-पंधरा वर्षं टिकतं, काहींचं जास्तही. मग ते बदलायचं. म्हणजे साठीच्या आसपास मी पुन्हा त्याच खुर्चीत, पुन्हा तेवढाच खर्च! हे मला कळलं कधी? पैसे भरल्यानंतर.

या प्रकाराची गोष्टही गमतीची आहे. 1928 च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने सिनेनटांसाठी असे दर्शनी पापुद्रे केले. ते शूटिंगपुरते चिकटवायचे आणि नंतर काढून ठेवायचे. पुढे 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केलं तर त्याला रेझिन पक्कं धरतं. त्याच वाटेने 1980 च्या दशकात पोर्सेलेनही कायमचं चिकटू लागलं. म्हणजे वस्तू शूटिंगपुरती होती ती जन्माची झाली, पण जाहिरातीची भाषा अजून शूटिंगचीच आहे! 'दोन भेटींत नवं हसू.' अहो, दोन भेटी तुमच्या. माझ्या पुढच्या हजारो सकाळ-संध्याकाळचं काय?

आता बरं होण्याबद्दल. मला सांगितलं होतं, "काही नाही, संध्याकाळी जेवा." प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे तात्पुरते प्लास्टिकचे पापुद्रे होते, त्यातला एक नागलीची भाकरी खाताना भाकरीबरोबर हातात आला. मग खरे बसवले आणि मी पोशेऱ्याला परतलो. इथली कार्तिकातली पहाट तुम्हाला माहीत नसेल. गार पाण्याची चूळ भरली आणि डोक्यापर्यंत कळ गेली. हिरड्या सुजलेल्या, ब्रश लावला की रक्त. घाबरून ब्रश बंद केला, आणि तीच चूक. नंतर कळलं की थोडे दिवस थंड-गरम झोंबणं, हिरड्या दुखऱ्या असणं हे साहजिक असतं. त्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवत राहायचं, थांबवायचं नाही. पण चावताना एकच दात आधी टेकत असेल, किंवा रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. माझा एक दात आधी टेकत होता. बसवताना तोंड बधिर, मला कळणार कसं? मी आठ दिवस 'नवं आहे, रुळेल' म्हणून एका बाजूने जेवलो. शेवटी एक किरकोळ रजा टाकून एसटीने नाशिक गाठलं, पंधरा मिनिटांत घासून दिलं. ही पंधरा मिनिटं नव्हे, ते आठ दिवस मला खटकतात. एक वाक्य आधी सांगायला काय जात होतं? हातात दिला होता तो इंग्रजीतला गुळगुळीत कागद, वर हसणारी बाई.

आता नातेवाईक मंडळींकडे वळतो. तुम्हीही काही कमी नाही!

काका म्हणाले, "आता चिनी मातीचे दात, घासायची कटकट मिटली." काका, पापुद्र्याला कीड लागत नाही हे खरं. पण कडेला जिथे तो संपतो तिथून पुढे माझाच दात आहे, आणि त्याला कीड लागते. उलट आता जास्त घासायचं, दोऱ्याने फटी साफ करायच्या, सहा महिन्यांनी दाखवायचं. पेस्ट खरखरीत नको, कोळशाची तर नकोच. फ्लोराइडचं जेल लावायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना सांगायचं की इथे पोर्सेलेन आहे, कारण काही आम्लयुक्त जेलनी त्याची चकाकी जाते. झोपेत दात खात असाल तर रात्रीची पट्टी लावायची.

आत्या, तू म्हणालीस, "माझी मिश्री लाव, हिरड्या घट्ट होतील." आत्या, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात झिजवते, हिरड्या मागे सरकवते, आणि बाकी काय करते ते तुला मी सांगायला नको. माझं राहू दे, तूच सोड गं.

आणि वहिनींचा टोला, "एवढं जपायचं तर उपयोग काय?" वहिनी, हाच प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. माणसाला ती सोय नाही. ज्या दातांनी लग्नात फोटो काढले त्याच दातांनी मला इथे भाकरी खायची आहे. आता दाताने दोरा तोडणं बंद, ऊस सोलणं बंद, भाजलेले चिंचोके बंद.

मग व्हेनीअर करूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. दात तुटलेला असेल, डाग असे असतील की माणूस तोंडावर हात ठेवून बोलतो, तर जरूर करा. ही चांगली विद्या आहे. माझा भांडण्याचा मुद्दा एवढाच की जपणूक हा उपचाराचा भागच आहे, ती विक्रीनंतरची चिठ्ठी नव्हे. किती घासणार, किती वर्षं टिकणार, पुढे किती खर्च, काय खायचं नाही, कशाने घाबरायचं आणि कशाने नाही, हे पैसे घेण्याआधी, मराठीत, दहा मिनिटं बसून सांगा. त्यानंतरही माणूस हो म्हणाला तर खुशाल मशीन चालू करा. मला ती दहा मिनिटं मिळाली असती तर मी एक दात केला असता आणि तीन वाचवले असते.

परवा पहिला पाऊस झाला. संध्याकाळी शेजारच्या घरून खेकड्यांच्या रश्शाचं बोलावणं आलं. सगळे नांग्या दाताने कडाकडा फोडत होते, आणि गुरुजी पाट्यापाशी उकिडवे बसून वरवंट्याने. ते चौथीतलं, म्हणजे आता पाचवीतलं, कारटं तिथेच होतं. मी त्याला त्याच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर दिलं. म्हटलं, जुना दात टाकला नाही रे, आतच आहे, थोडा सोललाय फक्त.

ते म्हणालं, "मग त्याला दुखत असंल की!"

असो.