पाणी ओतणे ही दुरुस्ती नव्हे

सोयाबीनची मळणी सुरू झाली की वाशिम जिल्ह्यातले ट्रॅक्टर दिवसभर थ्रेशरला जुंपलेले असतात. इंजिन जागेवर उभे, भार पूर्ण आणि भुसा रेडिएटरच्या जाळीत बसलेला. ते तापले की विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतायचे आणि गळती दिसली तर रेडिएटरमध्ये हळद टाकायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. तिने त्या दिवसाचे काम निघते, पण इंजिनाचे आयुष्य घटते. बेसॉल्टच्या थरांतून आलेले पाणी बहुधा जड असते. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात आपण मोडत नाही, म्हणून आपले पाणी इंजिनाला चालते असा समज आहे. पण भांड्यावर पांढरा थर धरणारे पाणी इंजिनातही तोच थर धरते. हा थर लोखंडापेक्षा कैक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. शिवाय ताज्या पाण्यातून नवे क्षार येतात आणि विरघळलेला ताजा प्राणवायूही येतो. गंजाला तोच लागतो. म्हणजे गळतीमुळे पाणी ओतावे लागते, ओतलेल्या पाण्याने गंज वाढतो आणि गंजाने नवी गळती होते. हळद तर भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

समुद्रावरच्या इंजिनांचा अनुभव इथे उपयोगी आहे. बहुतेक मोठ्या जहाजांत खारे पाणी इंजिनाच्या पोटात सोडतच नाहीत. आत गंजरोधक रसायन मिसळलेले गोडे पाणी बंद चक्रात फिरते, त्याची नियमित तपासणी होते आणि समुद्राचे पाणी बाहेरून फक्त त्याची उष्णता काढून नेते. आत फिरणाऱ्या पाण्याची टाकी वारंवार भरावी लागली, तर तिथले अभियंते पाणी कुठे जाते याचा शोध घेतात. आपल्या गॅरेजातही सुरुवात इथूनच व्हायला हवी. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून थेंब येत असेल तर सील गेले. बाहेर सगळे कोरडे आणि तरी दाब उतरतो, म्हणजे इंजिन पाणी खाते. ऑइल दुधाळ झाले आहे का, धूर पांढरा येतो का, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात का, हे पाहिले की संशय हेड गॅस्केटवर जातो की लायनरच्या रबरी रिंगांवर, ते बरेच उमगते. ऑइल काढून, त्याचे चेंबर खाली उतरवून दाब दिला तर लायनरखालून झिरपणारे पाणी डोळ्यांना दिसते. हे न करता थेट हेड उघडणे म्हणजे शेतकऱ्याचा पैसा अंदाजावर खर्च करणे. आणि हेड उघडलेच, तर ते वाकले आहे का हे सपाट पट्टीने तपासल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू नये.

यावर रास्त आक्षेप असा, की जुनी डिझेल इंजिने विहिरीच्या पाण्यावरच वर्षानुवर्षे चालली. ते खरे आहे. पण ती संथ, जाड ओतीव लोखंडाची होती आणि पुष्कळांचे पाणी उघड्यावरच थंड होई. आजच्या ट्रॅक्टरचे पाणी बंद चक्रात असते. झाकणामुळे १ बार दाब वाढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर गेले तर तेवढी सवलत संपते. दुसरा आक्षेप खर्चाचा. विहिरीच्या पाण्याऐवजी गंजरोधक कूलंट भरणे महाग वाटते, विशेषतः सोयाबीनला भाव नसताना. मात्र कूलंटमधली रसायने लायनरच्या बाहेरच्या बाजूला संरक्षक पापुद्रा धरतात. तो नसेल तर लायनरला बारीक खड्डे पडतात आणि एके दिवशी आरपार भोक. लायनर, पिस्टन आणि मळणीचे बुडालेले दिवस यांचा हिशेब मांडला तर कूलंट स्वस्तच पडते.

सरकार ट्रॅक्टर घ्यायला अनुदान देते. तो टिकवण्याचे शिकवणेही त्याच कामाचा भाग मानले पाहिजे. कृषी विभागाने आणि आयटीआयने मळणीपूर्वी तालुक्याच्या गावी दाबचाचणीची शिबिरे घ्यावीत. शेतकऱ्यांनीही गॅरेजमध्ये हेड उघडू देण्याआधी दाबचाचणी मागावी आणि दुरुस्तीनंतर कंपनीच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात कूलंट व शुद्ध पाणीच भरून घ्यावे.