कुंभ येतोय म्हणून फ्लॅट

नाशिकमध्ये सध्या फ्लॅट विकणाऱ्यांचं एकच पालुपद आहे: कुंभ येतोय. २०२७ चा सिंहस्थ, त्यासाठी होणारे रस्ते, समृद्धी महामार्गामुळे जवळ आलेली मुंबई, हे सगळं एका दमात सांगून एजंट सॅम्पल फ्लॅटचं दार उघडतो. भाविक स्नान करून आपापल्या गावी जातील आणि हप्ता मात्र वीस वर्षं चालेल, हे तो सांगत नाही. ते त्याचं कामही नव्हे.

राहतं घर झालं, दोघं कमावतात, आता ‘एक टू बीएचके भाड्यासाठी टाकून ठेवू’ असं म्हणणारे तिशी-पस्तिशीतले लोक आजूबाजूला बरेच दिसतात. माझा भाचा त्यातलाच. “मामा, भाड्यात हप्ता निघेल ना?” हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणून हिशोबच मांडला.

धरा, फ्लॅट ४५ लाखांचा. नाशिकमध्ये मुद्रांक शुल्क अधिभारासकट ६ टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार. नोंदणीचे ३० हजार. फ्लॅट पडला ४८ लाखांना. वकील, एजंट, पंखे-गीझर वेगळे. बँक किमतीच्या ८० टक्के देईल, म्हणजे ३६ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या वर. आणि भाडं? १३ हजार धरू. वर्षातून एखादा महिना घर रिकामं राहणारच. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, नळ-गळती वजा केली की वर्षाला हाती लाखभर उरतात. ४८ लाखांवर सव्वादोन टक्केही नाहीत! मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते. भाचा गप्प झाला. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंस तर मुद्रांकात १ टक्का, म्हणजे ४५ हजार वाचतील, असं सांगितल्यावर तो आणखी गप्प झाला.

वर नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं, तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही. ‘टॅक्स वाचतो’ हे जुन्या पिढीचं कारणही त्यामुळे बरंच लंगडं पडलं आहे.

म्हणजे घेऊच नये का? तसं नाही. पण आपण भाव वाढण्यावर पैसे लावतोय, भाड्यावर नाही, हे स्वतःशी कबूल करून घ्यावं. आणि भाव घोषणांवर वाढतो असं समजू नये. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली, तेव्हा प्रस्तावित स्थानकांजवळचे फ्लॅट त्या नावावर विकले गेले. स्थानकं अजून कागदावर आहेत.

माझं मत असं की, भाड्यासाठी पहिला फ्लॅट घेणाऱ्यानं आधी भाडेकरू होऊन फिरावं. खरोखर. ‘घर भाड्यानं हवंय’ म्हणून अंबड, सातपूर, पाथर्डी फाटा, इंदिरानगर असं हिंडावं. कारखान्यातला सुपरवायझर किती भाडं देतो, गंगापूर रोडला कॉलेजची मुलं तिघांत मिळून किती देतात, कुठल्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो, हे तेव्हाच कळतं. विकणारा भाडं फुगवून सांगतो. घर रिकामं पडलेला मालक खरं सांगतो. रात्री साडेआठला इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे तेही पाहावं. निम्मी इमारत अंधारात असेल, तर तिथे आपल्यासारखेच गुंतवणूकदार बसलेत आणि सगळ्यांना एकच भाडेकरू हवा आहे.

नव्या प्रकल्पाला महारेराचा नंबर आहे, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कायद्यानं नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे विसरू नये. ‘पंचवीस टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात’ म्हटलं की चपला घालाव्या. पण माझ्या मते पहिल्या खेपेला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, माणसं राहत असलेली इमारतच बरी. जीएसटी नाही, भाडं पहिल्या महिन्यापासून सुरू, आणि लिफ्ट चालते की नाही ते स्वतः चढून पाहता येतं. सिडकोत पाहत असाल तर जमीन भाडेपट्ट्याची आहे की मालकीची झाली, ते आधी विचारा. गोदावरी किंवा नासर्डीच्या काठी पाहत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतो, पण स्वस्तातला ‘रिव्हर व्ह्यू’ घेताना त्याला मारुती आठवत नाही.

भाडेकरू मिळाल्यावरची एक गोष्ट. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं बरेच जण अजून मानतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्च किरकोळ, ऑनलाइन होतो. नोंदवलेला करार असला की मुदत संपूनही न हलणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नाही तर दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या आहेतच. भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. काही चेअरमन ते मनाला येईल तसं लावतात.

भाचा आता पाथर्डी फाट्याजवळच्या दहा वर्षं जुन्या इमारतीतल्या फ्लॅटच्या मागे आहे. मालक ४१ म्हणतो, आम्ही ३८ वर अडलो आहोत. परवा कळलं की सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलंच नाही, जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केलाय, असं सेक्रेटरी म्हणतात. त्या अर्जाची पोच पाहिल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, असं भाच्यानं मालकाला कळवलं आहे.