बापालाही सांगू नका!

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकाच्या पानात कायद्याचे कारले वाढू नये, एवढा शिष्टाचार मलाही कळतो. परंतु माझे भांडणच मुळी फराळाच्या पानावरून सुरू झालेले आहे. तेव्हा चकलीबरोबर हेही थोडे गोड मानून घ्यावे लागेल.

गेल्या वर्षी मी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिच्यावर एक लहानशी शस्त्रक्रिया व्हायची होती. जावई तिला आत पोचवून औषधे आणायला गेले आणि मी इस्पितळाच्या खिडकीपाशी जाऊन माझ्या मोडक्या इंग्रजीत चौकशी केली. खिडकीतल्या बाईंनी गोड हसून ‘हिपा’ असा दोन अक्षरी मंत्र उच्चारला आणि तोंडाला कुलूप घातले. मी बाप आहे, हे त्यांना तीनदा सांगितले. तिन्ही वेळा त्या तशाच हसल्या. बापाला लेकीची प्रकृती विचारता येऊ नये, ही कसली संस्कृती, असे म्हणत मी बाकावर येऊन बसलो.

संध्याकाळी मुलीपुढे तक्रार मांडली. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, त्या बाईंवर रागावू नका. घरच्यांशी बोलायला तो कायदा आड येत नाही. पेशंटची हरकत असली तर मात्र ते बोलत नाहीत. हरकत मीच घेतली होती.”

“माझ्याविरुद्ध?”

“सांगलीची दिवाळी आठवते ना तुम्हाला?”

आठवत होती. बाविसाव्या वर्षी तिला गळ्याच्या गाठींचा क्षय झाला होता. नेमाने औषध घेऊन ती खडखडीत बरीही झाली. त्या दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींपुढे “पोरीने फार सोसले हो” असे मी मोठ्या कौतुकाने बोललो. तुळशीचे लग्न लागायच्या आत तिचे ठरत आलेले लग्न मोडले. डॉक्टर फुटला नव्हता, कंपाउंडर फुटला नव्हता. बाप फुटला होता.

मग मात्र मी तो हिपा नीट समजावून घेतला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९९६ साली हा कायदा केला, तो मुख्यतः आरोग्यविम्याच्या सोयीसाठी. त्याच्या नावात गुप्तता हा शब्दसुद्धा नाही! रोग्याच्या कागदांचे नियम मागाहून झाले आणि एप्रिल २००३ पासून बहुतेकांना ते पाळणे भाग पडले. त्यांतील खरी मेख अशी आहे : केंद्राचा नियम आणि राज्याचा कायदा एकमेकांच्या विरुद्ध गेले, तर सामान्यतः केंद्राचा नियम वरचढ, परंतु राज्याचा कायदा रोग्याचे गुपित अधिक कडकपणे राखीत असेल, तर राज्याचाच कायदा चालतो. म्हणजे जोते वॉशिंग्टनने बांधावे आणि मजले राज्यांनी चढवावेत. रोगांची खबर आरोग्यखात्याला देण्याचे राज्यांचे कायदेही तसेच राखले आहेत. तेही योग्यच. क्षयाची बातमी आरोग्याधिकाऱ्याला कळणे निराळे आणि शेजारच्या काकूंना कळणे निराळे.

यावर शहाणी माणसे म्हणतात, पन्नास राज्यांचे पन्नास कायदे कशाला? एकच ठेवा आणि मोकळे व्हा! मला हे मान्य नाही. हिपाखाली रोग्याला स्वतः दावा लावता येत नाही. सरकारकडे तक्रार नोंदवून वाट पाहायची. कनेक्टिकटमधल्या एका बाईंनी आपल्या दवाखान्याला बजावले होते की, पूर्वीच्या मित्राला माझी माहिती देऊ नका. पुढे कोर्टाचे समन्स आले आणि दवाखान्याने बाईंना न कळवताच कागद पाठवून दिले. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला की, राज्याच्या कायद्याप्रमाणे हलगर्जीपणाचा दावा लावायला हिपाची आडकाठी नाही. केंद्राच्या कायद्याला तोंड होते. दात राज्याने दिले.

पण दात आले की ते चावूही शकतात. केंद्राच्या या जोत्याला एक मागचे दार आहे. न्यायालयाचा हुकूम किंवा तसाच कायदेशीर कागद आला, तर ठराविक अटींवर इस्पितळाला माहिती देण्याची मुभा आहे. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या हाती सोपवला आणि या मागच्या दाराशी वर्दळीची भीती उभी राहिली. टेक्सासने जवळजवळ संपूर्ण बंदी केली. कॅलिफोर्नियाने उलट कागदांभोवती नव्या भिंती उभारल्या. कायदेशीरपणे झालेल्या उपचाराबद्दल कोणाला खटल्यात ओढण्यासाठी कागद देऊ नयेत, असा नियम केंद्राने २०२४ साली केला. जून २०२५ मध्ये टेक्सासमधल्या एका केंद्रीय न्यायाधीशाने तो देशभरासाठी रद्द केला. आता बाई तीच, दुखणे तेच, कागद तोच. पण राज्याची सीमा ओलांडली की त्या कागदाची अब्रू बदलते!

माझे म्हणणे एवढेच. राज्यांना मजले चढवू द्या, पण जोत्याचे मागचे दार बुजवा. ज्या राज्यात उपचार कायदेशीर झाला, तेथील संरक्षण रोग्याच्या पाठोपाठ सीमेपार गेले पाहिजे. आणि ज्याचे गुपित फुटले, त्याला स्वतः न्यायालयाची पायरी चढता आली पाहिजे.

आपणही फार हसू नये. आपल्या घटनेने इस्पितळे राज्यांच्या सूचीत घातली आहेत. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मानसिक आजार आणि एचआयव्ही यांच्या रोग्यांची गुप्तता राखणारे कायदे केंद्राने त्याच वर्षी केले. कागदावर सारे आले. परंतु दवाखान्याच्या दारातून अजून नावाबरोबर दुखणेही पुकारले जाते, आणि बाकावरचे सात जण माना वळवून पाहतात.

कोणी म्हणेल, घरच्या माणसांत कसले आले गुपित? मी सांगतो, गुपिताची खरी परीक्षा घरातच होते. पोलिसाला निदान हुकूम तरी आणावा लागतो. आपण नुसत्या मायेच्या जोरावर दुसऱ्याचे कपाट उघडतो.

यंदा दिवाळीला मुलगी घरी यायची आहे. फराळाला मंडळी जमतील, आणि कोणीतरी आवाज खाली आणून विचारीलच, “काय हो, कसले ऑपरेशन झाले तिचे?” मी म्हणणार आहे, “तिलाच विचारा.” आणि चकलीची ताटली पुढे करणार आहे.